बालीगंजची चिठ्ठी : येते म्हणताना

मंडळी, गेल्या वेळची चिठ्ठी चुकली. दोघी-तिघींनी विचारलं, बरी आहेस ना? बरी आहे. बँकॉकला गेले होते, आणि परत आल्यावर आठ-दहा दिवस काही लिहावंसंच वाटलं नाही.

गेले होते मैत्रिणीबरोबर. जुन्या वाचकांना ती माहीत आहे. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीत खिडकीतून जिची मंकी कॅप उडाली ती. पुरीला पंड्याशी दक्षिणेवरून तासभर हुज्जत घालून शेवटी त्याच्याच घरी जेवून आलेली ती. हंपीत मला उन्हानं चक्कर आली तेव्हा 'आधी सावलीत हो, फोटोतून बाजूला' असं म्हणाली तीही तीच. बावीस वर्षं आम्ही दोघी एकत्र फिरलो. मी सोलापूरची, ती इथलीच, बालीगंज स्टेशनच्या मागच्या गल्लीत जन्मलेली. नवऱ्याच्या बदलीमुळे मी कोलकात्यात आले तेव्हा गरियाहाटच्या बाजारात कोथिंबिरीला धनेपाता म्हणायचं, हे मला तिनं शिकवलं. बदल्यात मी तिला भाकरी थापायला शिकवणार होते. तो प्रयत्न दोघींच्या संमतीनं सोडून दिला.

ही सहल शेवटची, हे दोघींना ठाऊक होतं. तिची लेक मेलबर्नला असते. यजमान गेल्यावर तीन वर्षं ती एकटी राहिली, मग गुडघे बोलायला लागले, मग लेक बोलायला लागली. घर विकलं. म्हणाली, तिकीट बँकॉकवरून आहे, तू तिथपर्यंत चल, चार दिवस फिरू, मग मी तिकडे आणि तू इकडे.

चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी विमानतळावर तिची बॅग चार किलो जास्त भरली. मग आम्ही दोघी, एक अठ्ठावन्नची आणि एक चौसष्टची, त्या चकचकीत फरशीवर बसून बॅगा उघडून बसलो. गोविंदभोग तांदूळ निघाला, कासुंदीच्या दोन बाटल्या निघाल्या, नवऱ्याची जुनी शाल निघाली. शाल राहू दे, कासुंदी काढ. नको, कासुंदी राहू दे, चपला काढ. रांगेतल्या एका थाई बाईनं आम्हाला वजन करून बघायला स्वतःचा छोटा काटा दिला. आमची शेवटची वीस मिनिटं अशी किलोकिलोनं गेली. मनात ठरवून ठेवलेलं काहीच बोलून झालं नाही. आत जाताना ती नेहमीसारखी 'आशी' म्हणाली. मीही नेहमीसारखी 'ये' म्हणाले.

'आशी' म्हणजे 'येते'. बंगाली माणूस उंबऱ्यावर 'जातो' म्हणत नाही, आपल्यासारखाच 'येतो' म्हणतो. माझ्या आजीसमोर कोणी 'जाते' म्हटलं की ती दारातून परत बोलवायची, पाणी प्यायला लावायची आणि 'येते' म्हणवून घेऊन मग सोडायची. इथे आले तेव्हा या एका शब्दानं मला फार आपलंसं वाटलं होतं. त्या दिवशी मात्र तो शब्द जड झाला.

घरी येऊन बॅग उघडली तर तिचा अर्धा किलो गोविंदभोग, कासुंदीची एक बाटली आणि उजव्या पायाची चप्पल निघाली. डावी मेलबर्नला गेली होती.

*

विमानतळावर फरशीवर बसल्याचं म्हणा की आणखी कशाचं, माझा गुडघा सुजला. जिना उतरताना खालच्या मजल्यावरच्या माशीमांनी पाहिलं. माशीमा ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, नजर अजून घारीची. म्हणाल्या, "बौमा, गोळ्या खाऊ नकोस. सुई लावून घे. मी लावली होती, पंधरा वर्षं चालले त्यावर." सुई म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर. कोलकात्यात हा उपचार बराच रुळलेला आहे. मी हो-हो केलं. त्यावर त्या म्हणाल्या, "हो-हो काय करतेस? तुझ्याच गावच्या डॉक्टरच्या मित्रानं आणली ती सुई इकडे."

"कोणाच्या?"

"कोटणीसच्या. आमचे बसू डॉक्टर त्याचे मित्र. चीनला बरोबर गेले होते. परत हे एकटेच आले."

मंडळी, मी सोलापूरची आहे. भय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. त्यांच्यावर शाळेत मी भाषण केलेलं आहे, बक्षीस म्हणून स्टीलची वाटी मिळाली होती. घरी सगळ्यांनी मिळून शांतारामबापूंचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' पाहिलेला आहे. सोलापूरचा मुलगा चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, हे सगळं पाठ. पण त्यांच्याबरोबर कोण होतं, कोण परतलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आणि माशीमांना बसू डॉक्टर घरच्यासारखे माहीत, पण कोटणीस म्हणजे 'तो जो राहिला तो' एवढंच. एका गोष्टीचे दोन अर्धे भाग दोन गावांनी आपापल्याकडे ठेवलेले, आमच्या चपलेसारखे.

मग मी आठ दिवस गुडघा उशीवर ठेवून तेच वाचत बसले.

*

१९३७ च्या जुलैत जपाननं चीनवर मोठी चढाई केली. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी आवाहन केलं, देशभर 'चीन दिन' पाळला गेला, बावीस हजार रुपये जमले. आपण स्वतः पारतंत्र्यात, आणि दुसऱ्या देशाच्या जखमी सैनिकांसाठी बावीस हजार. आजही मला याचं नवल वाटतं.

पाच डॉक्टर निवडले गेले. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल, स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. त्यांच्या हाताखाली नागपूरचे डॉ. चोळकर. मग सोलापूरचे कोटणीस, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले. आणि कलकत्त्याचे दोघे, देबेश मुखर्जी आणि बिजयकुमार बसू. बसूंचं नाव खरं तर यादीत नव्हतं. कलकत्त्याहून डॉ. रणेन सेन जाणार होते, पण ते कम्युनिस्ट, इंग्रज सरकारनं त्यांना पासपोर्ट नाकारला. त्यांच्या जागी ऐन वेळी बसू आले. म्हणजे ही मैत्री एका पासपोर्टाच्या नकारातून झाली. कोटणीस आणि बसू, दोघेही तिशीच्या आतले.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून 'राजपुताना' बोट निघाली. सोबत एक रुग्णवाहिका आणि औषधांची खोकी. सप्टेंबरच्या मध्यावर ते कँटनला उतरले, तिथून हँकावला. लढाई त्यांच्या मागोमाग येत होती. ऑक्टोबरअखेर कँटनही पडलं, हँकावही पडलं. मंडळी यांगत्से नदीनं वर सरकत चुंगकिंगला पोचली.

चुंगकिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. पाचही जणांना चिनी नावं मिळाली. शांतिनिकेतनात चीन भवन उभं करणारे प्राध्यापक तान युन-शान यांनी ती दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ' जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दीहुआ, बसू झाले बा सूहुआ. पाच वेगवेगळ्या आडनावांचे लोक एका शब्दानं भावंडांसारखे झाले.

दुसरी गोष्ट, कोटणीसांना घरून बातमी आली, वडील गेले.

इथे मी जरा थांबले. परदेशात असताना अशी बातमी येणं काय असतं, हे ज्यांची मुलं बाहेर आहेत आणि जी मुलं बाहेर आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. आज निदान विमान असतं. त्यांना परतायची मोकळीक होती, सगळ्यांनी समजून घेतलं असतं. ते परतले नाहीत. १२ फेब्रुवारी १९३९ ला पाचही जण येनानला पोचले, डोंगरात खोदलेल्या गुहांच्या त्या गावात, जिथे माओ आणि त्यांची माणसं राहत होती. गुहेतच दवाखाना, गुहेतच राहणं.

*

आता या गोष्टीतलं जे मला सगळ्यात लागलं ते सांगते. हे पाच जण एकदम निघाले, पण परतले एकदम नाहीत. १९३९ मध्येच मुखर्जी आणि चोळकर प्रकृतीमुळे मागे फिरले. उरले तिघं. नोव्हेंबरात तिघं येनान सोडून प्रत्यक्ष लढाईच्या मुलखाकडे निघाले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून त्या बाजूला काम करत होते, त्यांच्या हाताशी हात द्यायचा होता. पण यांचा प्रवास चालू असतानाच बेथ्यून गेले. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली, रक्तात विष भिनलं. १९४० च्या सुरुवातीला अटलांना त्वचेच्या आजारानं हैराण केलं, तेही परतले. उरले दोघं.

तीन निरोप झाले. प्रत्येक निरोपाच्या वेळी घरी जायचा रस्ता समोर उघडा होता, जाणाऱ्याच्या पाठोपाठ दोन पावलं टाकायची एवढंच. मी स्वतःला ओळखते. तिसऱ्या निरोपाला मी नक्की बॅग भरली असती.

हे दोघं पुढे गेले. जपानी चौक्यांमधून, रात्री रेल्वेमार्ग ओलांडून, डोंगरातून पायी आणि खेचरावर. १९४० च्या जूनमध्ये ते बेथ्यून यांनी काम केलेल्या भागात पोचले, हपै प्रांतातल्या डोंगरी खेड्यात. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमाला दोघं हजर होते. तिथेच कोटणीसांनी क्वो चिंगलान यांना पहिल्यांदा पाहिलं, त्या परिचारिकांना शिकवत होत्या. लगेच मोठी मोहीम सुरू झाली, दोघं वेगवेगळ्या तुकड्यांबरोबर गेले. कोटणीसांच्या वाट्याला तेरा दिवसांत आठशेवर जखमी आले, त्यातल्या ५५८ जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. तेरा दिवसांत. आमच्याकडे गुडघ्याची तारीख घ्यायला तेरा दिवस लागतात, असो.

आणि मग १९४० च्या उत्तरार्धात चौथा निरोप. बसू येनानला परतणार, कोटणीस इथेच राहणार.

दोन वर्षं बरोबर. एक बोट, एक नदी, एक गुहा, तेच बाजरीचं जेवण. वडील गेल्याची बातमी आली तेव्हाही शेजारी हाच माणूस. आणि दोघंही अशा घरांत वाढलेले, जिथे दारातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. सोलापूरच्या घरात 'येतो', कलकत्त्याच्या घरात 'आशी'. वाट एकाला डोंगर उतरून, अख्खा शान्सी प्रांत पार करून, पिवळी नदी ओलांडून पश्चिमेला न्यायची होती. दुसरा तिथेच.

लढाईच्या मुलखात निरोपाला वेळ किती असतो? खेचरावर सामान बांधायचं असतं, वाटाड्या घाई करत असतो, अंधाराच्या आत ठरलेलं गाव गाठायचं असतं. आमचं चार किलोंचं होतं, त्यांचं खेचराचं असेल. माणसं पुन्हा भेटणार आहोत असं धरूनच निरोप घेतात, म्हणून तर तो घेता येतो.

त्यानंतर त्या भागात कोटणीस एकटेच भारतीय उरले. चिनी भाषा त्यांनी चांगली आत्मसात केली होती, तिच्यातून शिकवत होते. १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्वो चिंगलानशी लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला, नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. वडिलांच्या नावातला तोच 'हुआ', बसूकाकांच्या नावातलाही तोच.

तोवर त्यांना फेफऱ्याचे झटके सुरू झाले होते. उपचारासाठी मागे जा, असा आग्रह झाला. गेले नाहीत. शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं. ९ डिसेंबर १९४२ ला झटक्यामागून झटके आले आणि ते गेले. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचं.

डिसेंबरअखेरीला येनानमध्ये शोकसभा झाली. माओंनी स्वतः शोकसंदेश लिहिला. बसू येनानमध्येच होते. पाचातला त्या मुलखातला शेवटचा भारतीय.

*

मराठी घरात ही गोष्ट इथे संपते. चित्रपट संपतो, भाषण संपतं, वाटी मिळते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये या मोहिमेवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'आणि एक जण परतला नाही'. त्यावरूनच १९४६ चा चित्रपट. शांतारामबापू स्वतः कोटणीस, जयश्रीबाई चिंगलान. बरोबरच आहे, जो परतत नाही त्याची गोष्ट होते. परततो त्याचं काय होतं, ते मला माशीमांच्या जिन्यात कळलं.

बसू १९४३ मध्ये परतले. कलकत्ता तेव्हा दुष्काळात होतं, फुटपाथवर माणसं मरत होती. पाच वर्षं लढाईत काढून आलेल्या डॉक्टरला घरीही तेच दिसलं. ते इथेच राहिले, इथेच काम केलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीला पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले, आणि १९५९ पासून कलकत्त्यात सुया लावायला लागले. आपल्या देशात या उपचाराची सुरुवात तिथून धरतात.

वर्ष लक्षात घ्या. तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, चीनशी युद्ध. आमच्या कोलकात्यात टिरेटा बाजारात आणि टँग्रात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चिनी कुटुंबं आहेत, कोणाचं चामड्याचं काम, कोणाचं दातांचं, कोणाचं खानावळीचं. त्या वेळी कलकत्ता, दार्जिलिंग, आसाम इथल्या कितीतरी चिनी वंशाच्या लोकांना धरून थेट राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. माशीमा सांगतात, त्यांच्या वर्गातली एक चिनी मुलगी एके दिवशी बाकावर नव्हती, आणि बाईंनी हजेरीत तिचं नाव वगळून पुढचं घेतलं. अशा काळात या शहरात चिनी उपचार करत बसायचं, म्हणजे रोज कोणाला ना कोणाला समजावून सांगत राहायचं. बसूंनी ती सुई सोडली नाही.

माझं मन सारखं तिथेच जातं. मित्राच्या नावाचा पुतळा उभारता येतो, सभा घेता येते. तेही झालं. कोटणीसांच्या नावानं समिती निघाली, बसू त्यात शेवटपर्यंत होते, आणि त्या समितीमार्फत गरिबांसाठी अ‍ॅक्युपंक्चरची केंद्रं चालली. म्हणजे बंगालमधल्या खेड्यातल्या म्हातारीनं पाठीत सुई लावून घेताना भिंतीवर ज्याचं नाव वाचलं, तो माणूस सोलापूरचा. त्या म्हातारीला सोलापूर कुठे आहे हे माहीत असायचं कारण नाही. भय्या चौकातून रोज जाणाऱ्याला ती म्हातारी माहीत असायचं कारण नाही.

१९८६ मध्ये बसू गेले. त्याच वर्षी त्यांच्या चीनमधल्या वर्षांची हकिकत 'कॉल ऑफ यनान' या नावानं इंग्रजीत आली. निरोपानंतर शेहेचाळीस वर्षं ते जगले, कोटणीसांच्या सगळ्या आयुष्यापेक्षा चौदा वर्षं जास्त. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, पश्चिम बंगालनं अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. सरकारच्या अ‍ॅक्युपंक्चर संस्थेला बसूंचंच नाव आहे.

क्वो चिंगलान २०१२ पर्यंत होत्या. पुढे भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटून गेल्या. मुलगा यिनहुआ मात्र १९६७ मध्ये, वैद्यकीचं शिक्षण चालू असतानाच गेला. हे वाचून मी त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि भाजी निवडायला घेतली.

*

हाजरा रोडवर आपला महाराष्ट्र निवास आहे. बालीगंज फांडीपासून तो रस्ता सरळ तिकडे जातो, गणपतीत मी तिथे मोदकांच्या ओळीत असते. परवा तिथे एका सोलापूरच्याच गृहस्थांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कोटणीस माहीत आहेत हो, बसू कोण?" आणि खाली येऊन माशीमांना सांगितलं की कोटणीसांचं घर मी पाहिलेलं आहे, तर त्या म्हणाल्या, "घर आहे त्यांचं? मला वाटलं ते चीनचेच झाले." दोघांनाही मी चहाबरोबर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आता तुम्हाला सांगते आहे. कुणी सोलापूरला जाणार असेल तर स्मारकात बसूंची आठवण काढा, आणि इकडे आलात तर इथल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला कोटणीसांचं विचारा. बंगाली माणूस अशा विचारण्यानं खूश होतो, मिष्टीसुद्धा देतो.

सुई लावून घेतली, मंडळी. बऱ्याच जणी विचारतील म्हणून सांगते, दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं, आणि नंतर सुया काढेपर्यंत हलायचं नसतं तेच जास्त कठीण. मी पडल्या पडल्या छताकडे बघत होते. पंखा फिरत होता. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही बंगाली नाही ना? म्हटलं, नाही, सोलापूरची. त्यांना काही कळलं नाही. म्हणाल्या, लांबून आलात.

गुडघा निम्मा बरा आहे. डॉक्टर म्हणतात अजून सहा वेळा.

मैत्रिणीशी बोलणं होतं, इथे दुपार असते तेव्हा तिकडे रात्र व्हायला आलेली. ती तक्रार करते की तिथे इलिश मिळतो तो गोठवलेला, आणि शेजारी फार हळू आवाजात बोलतात. पहिल्या आठवड्यात दोघी 'काय जेवलीस' याच्या पलीकडे गेलो नाही. गेल्या रविवारी मी तिला या दोघा डॉक्टरांचं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "आपल्याला निदान फोन आहे." मी म्हटलं, हो. मग तिनं विचारलं, माझी चप्पल फेकलीस का? कुरियरचे पैसे चपलेच्या चौपट होतात, विचारून आले आहे. फेकली नाही म्हटलं. दाराशी आहे, माझ्या चपलांच्या रांगेत.

"असू दे," म्हणाली. "डावी मी पण ठेवली आहे."